गुटगुटीत बालक आणि रक्तदाब

बाळसेदार मुलाची दृष्ट काढण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. गालावर तीट लावावयाची, मीठमोहऱ्या ओवाळून टाकावयाच्या, आणि कोणी पाहुण्याने "काय गुटगुटीत आहे हो!" म्हटले की आजीने मनात सुखावून वर मात्र "छे हो, हल्ली काही खातच नाही" असे म्हणावयाचे, हा प्रकार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. या कौतुकास हसण्याचे कारण नाही. ज्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिले, प्लेग, पटकी आणि देवी यांनी रिकामे केलेले पाळणे पाहिले, त्यांना अंगावर मांस असलेले मूल म्हणजे जगणारे मूल असे वाटले, तर तो त्यांच्या काळच्या अनुभवाचाच निष्कर्ष होता.

परंतु परिस्थिती पालटली म्हणजे जुना निष्कर्षही पुन्हा तपासून घ्यावा लागतो. मुलाच्या अंगावरील मेद डोळ्यांस दिसतो, पण त्यालाच आपण आरोग्य समजतो. रक्तदाब डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो मुलांना होतच नाही असे आपण धरून चालतो. हे दोन्ही समज बरोबर नाहीत. दोन्ही गोष्टी मोजूनच कळतात. आणि मोजल्यानंतर जो उपाय करावयाचा तो एकट्या मुलावर नव्हे, तर सबंध घरावर करावा लागतो. एवढेच या लेखात विस्ताराने सांगावयाचे आहे. आम्ही वैद्य नाही. तथापि या विषयातील जाणत्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टी सामान्य कुटुंबास कळतील अशा शब्दांत मांडणे हे आम्हांस कर्तव्य वाटते.

एका बटूची हकीकत

एका परिचित कुटुंबातील गोष्ट, त्यांच्या संमतीने पण नाव न देता, येथे सांगतो. घरातील दहा वर्षांच्या मुलाची मुंज होती. बटू उघड्या अंगाने बोहोल्यावर बसावयास तयार होईना. उपरणे दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून तो उभा राहिला. वडील मंडळी म्हणाली, "अरे, लाजतोस काय एवढा?" एक मावशी म्हणाल्या, "चांगला भरलेला आहे, लाजण्यासारखे काय आहे त्यात?" मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. शाळेत त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे त्या दिवसापर्यंत घरात कोणासच ठाऊक नव्हते.

पुढे काही दिवसांनी डॉक्टरांकडे जाण्याचा योग आला. उंची १४० सेंटिमीटर भरली, वजन ४५ किलो. रक्तदाब पाहिला तो प्रथम १३४ निघाला. डॉक्टरांनी दंडास बांधलेला पट्टा बदलला, मुलास पाच मिनिटे स्वस्थ बसविले आणि पुन्हा मोजले. तेव्हा वरचा आकडा १२२ आणि खालचा ७८ आला. आजोबा सोबत होते. ते म्हणाले, "माझा तर १३० असतो. मग १२२ मध्ये भिण्यासारखे काय आहे?"

आजोबांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. किंबहुना या विषयातील सर्व गैरसमजांचे मूळ त्या एका प्रश्नात आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी स्थौल्य आणि रक्तदाब या दोन्हींचे माप मुलांत कसे घेतात हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

स्थौल्य कसे मोजतात

किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्यास 'बॉडी मास इंडेक्स' म्हणतात. आपण त्यास देहभारांक म्हणू. एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणिती क्वेटले यांनी ही रीत दाखविली. आपल्या बटूचा हिशेब असा : १.४० चा वर्ग १.९६, ४५ भागिले १.९६ म्हणजे जवळजवळ २३. प्रौढ मनुष्याच्या बाबतीत हा अंक फार मोठा वाटत नाही. परंतु मुलांच्या शरीराचे प्रमाण वयागणिक बदलत असते. म्हणून मुलाचा अंक त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या निरोगी मुलांशी ताडून पाहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या कोष्टकाप्रमाणे दहा वर्षांच्या मुलाचा मध्यम अंक सुमारे १६.४ असतो, १८.५ च्या वर गेल्यास वजन अधिक समजतात आणि २१.४ च्या वर गेल्यास स्थौल्य समजतात. म्हणजे आपला बटू 'भरलेला' नव्हता, तो स्पष्टपणे स्थूल होता. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संस्थेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाकरिता स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले आहेत. आपल्या डॉक्टरांकडे ते पाहावयास मिळतात.

घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षाही आहे. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापावी, ती दुमडून निम्मी करावी आणि मुलाच्या पोटाभोवती गुंडाळून पाहावी. दोन टोके सहज जुळली तर बरे. मध्ये अंतर राहिले, म्हणजे पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर ते डॉक्टरांना दाखविण्याचे कारण समजावे. पाच वर्षांच्या पुढील मुलांस ही परीक्षा लागू पडते. पोटातील मेद हा मांडीवरील किंवा दंडावरील मेदापेक्षा अधिक अपायकारक असतो, हे तिच्यामागील तत्त्व आहे.

या व्याधीचा प्रसार किती झाला आहे हेही ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे १९९० मध्ये जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या शेकडा २ मुलांत स्थौल्य होते. २०२२ मध्ये ते प्रमाण शेकडा ८ झाले, म्हणजे सुमारे १६ कोटी मुले. आपल्या देशात २०१६ ते २०१८ या काळात राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले. त्यात १० ते १९ वर्षे वयाची शेकडा ५ मुले वाजवीपेक्षा जड आढळली, तर शेकडा २४ मुले वाजवीपेक्षा कृश आढळली. त्याच सर्वेक्षणात सुमारे शेकडा ५ किशोरांचा रक्तदाब वाढलेला निघाला. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी मूल कृश आहे आणि दुसऱ्या घरी स्थूल. आपल्या प्राचीन वैद्यांना ही गोष्ट नवी वाटली नसती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात निंदित देहांची गणना केली आहे, तीत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही शेजारी शेजारी आले आहेत. अतिस्थौल्याची कारणे सांगताना जड, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृती, हेही कारण दिले आहे. केवळ मुलाच्या जिभेस दोष देणाऱ्यांनी हे शेवटचे कारण अवश्य लक्षात ठेवावे.

रक्तदाब म्हणजे काय

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांत जोराने लोटले जाते. त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. हृदय सैल पडून पुन्हा भरू लागते, तेव्हा जो दाब उरतो तो खालचा आकडा. दंडास पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर हा दाब मोजण्याची सोपी रीत इटालियन वैद्य रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दाखविली, आणि पट्टा सैल होत असता नळीतून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून दोन्ही आकडे ओळखण्याची युक्ती रशियन वैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. आज विजेवर चालणारी यंत्रे आली तरी मोजमाप अद्यापि पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगतात.

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर. तान्ह्या मुलाचा रक्तदाब सर्वांत कमी असतो आणि वय व उंची वाढेल तसा तो क्रमाने चढत जातो. म्हणून मुलांसाठी एकच एक आकडा ठरविता येत नाही. तेरा वर्षांखालील मुलाचे वय, लिंग आणि उंची पाहून कोष्टक काढतात. त्या वयाच्या व उंचीच्या शंभर निरोगी मुलांत पंचाण्णव मुलांचा दाब ज्या आकड्याच्या खाली राहतो, तो आकडा गाठणारे किंवा ओलांडणारे मूल विचार करण्याजोगे ठरते. तेराव्या वर्षापासून पुढे मात्र प्रौढांप्रमाणेच हिशेब करतात : १२० वर ८० च्या आत असेल तर ठीक, आणि १३० वर ८० किंवा त्याहून अधिक असेल तर वाढलेला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये हे नियम निश्चित केले. या कोष्टकाप्रमाणे १२२ वर ७८ हा आकडा आपल्या दहा वर्षांच्या बटूच्या वयास अधिक होता. सत्तरीच्या आजोबांस जो आकडा समाधान देतो, तोच नातवाच्या बाबतीत सूचना देतो.

परंतु एका मोजणीवरून मुलास रोगी ठरवू नये, हेही त्याच नियमांत सांगितले आहे. वेगवेगळ्या तीन भेटींत आकडा वाढलेला निघाला तरच निदान करतात. कित्येक मुलांचा दाब केवळ डॉक्टरांच्या भीतीने चढतो. असा संशय आल्यास चोवीस तास दंडावर बांधून ठेवावयाचे लहान यंत्र देतात. मोजण्यापूर्वी मुलाने पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, तीन ते पाच मिनिटे न बोलता बसावे. उजवा दंड उघडा असून हृदयाच्या पातळीत असावा. सर्वांत महत्त्वाचा पट्टा. पट्ट्यातील हवेची पिशवी दंडाच्या निदान शेकडा ८० भागास वेढणारी पाहिजे. जाड दंडास लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच मोठा येतो. बटूच्या १३४ चे कारण तेच होते. म्हणून "हा पट्टा मुलाच्या मापाचा आहे ना?" असे पालकांनी विचारण्यास मुळीच संकोचू नये, चांगला डॉक्टर त्याचा राग मानीत नाही.

स्थौल्याने रक्तदाब का वाढतो

मेद म्हणजे शरीरात पडून असलेली निर्जीव गाठोडी, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मेद हे जिवंत आणि उद्योगी द्रव्य आहे. त्यास रक्त पुरवावे लागते. तेणेकरून अंगातील रक्ताचे परिमाण वाढते आणि हृदयास प्रत्येक मिनिटास अधिक रक्त लोटावे लागते. दुसरे असे की मेद वाढला म्हणजे इन्सुलिन या रसाचे कार्य नीट होईनासे होते, म्हणून शरीर ते अधिकाधिक निर्माण करिते; आणि वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडाकडून मीठ बाहेर टाकू न देता राखून ठेवविते. मीठ राहिले की त्याबरोबर पाणीही राहते. तिसरे, भय किंवा श्रम यांच्या वेळी हृदयास धावावयास लावणारी जी मज्जातंतूंची व्यवस्था, ती स्थूल शरीरात विश्रांतीच्या वेळीही जागी राहते. चौथे, गळ्याभोवती मेद साचून मूल रात्री घोरते, त्याचा श्वास मध्येच अडतो, झोप मोडते आणि दाब चढतो. अशा अनेक वाटांनी एकच परिणाम घडतो.

हा दाब वर्षानुवर्षे राहिला तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि धमन्यांचा लवचिकपणा जातो. मुलास यातले काही जाणवत नाही. ते खेळते, हसते, शाळेत जाते. या व्याधीचा धोका तिच्या निमूटपणात आहे.

हृदयविकार म्हणजे उतारवयाची गोष्ट, या समजुतीस पहिला धक्का १९५३ मध्ये बसला. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवे तपासली गेली. त्यांचे सरासरी वय २२ होते. तरी शेकडा ७७ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. पुढे अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात बोगालूसा नावाच्या गावी डॉ. बेरेन्सन यांनी तेथील मुलांचा दीर्घकाल अभ्यास केला. त्यांपैकी अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या २०४ बालकांची व तरुणांची तपासणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थौल्य, रक्तदाब, रक्तातील स्निग्ध द्रव्ये आणि धूम्रपान यांपैकी जितकी अधिक कारणे एका ठायी आली होती, तितका धमन्यांतील विकार अधिक आढळला. म्हणजे पन्नाशीतल्या आजाराचे बीज पाटीपुस्तकाच्या वयातच पेरले जाऊ शकते.

पुण्याच्या संशोधनाचा धडा

मराठी कुटुंबांस या विषयात विशेष लक्ष घालण्याचे एक कारण आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंच्या बाबतीत पुष्कळच उणी होती. परंतु त्वचेखालील मेदाच्या बाबतीत तितकी उणी नव्हती. दिसावयास कृश, पण मेदाच्या अंशाने कृश नाहीत, असा हा देह. प्रौढांतही हेच दिसते. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा देहभारांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांचा शेकडा २१.२ निघाला. २००४ मध्ये दोघांचे छायाचित्र या आकड्यांसह प्रसिद्ध झाले.

त्याच रुग्णालयात जन्मलेल्या आठ वर्षांच्या मुलांच्या १९९९ मधील अभ्यासात असे दिसले की जन्मतः लहान असून पुढे आठव्या वर्षापर्यंत ज्यांच्या अंगावर मेद फार चढला, त्यांच्यात मधुमेह व हृदयविकार यांची पूर्वचिन्हे सर्वांत अधिक होती. आपल्या घरांत नेमके काय घडते ते पाहा. मूल लहानखुरे जन्मले की सर्वांस काळजी लागते, आणि "भरून काढण्यासाठी" तूप, साखर, बिस्किटे यांचा मारा सुरू होतो. त्या मुलास पोषण हवे असते हे खरे. परंतु ते डाळ, दूध, भाज्या, फळे आणि खेळ यांच्या रूपाने हवे असते.

घरात काय करावे

पहिली गोष्ट मोजणी. तीन वर्षांच्या पुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा पाहावा. मूल स्थूल असेल, त्यास मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत पाहावा. येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मूल कृश असून रक्तदाब फार असेल, किंवा मूल अगदी लहान असेल, तर मूत्रपिंड अथवा महाधमनी यांतील दोषाचा तपास करावा लागतो. चेहरा सुजणे, लघवीचा रंग तांबूस होणे, वारंवार डोके दुखणे यांकडे दुर्लक्ष करू नये. कित्येक मुलांस औषधही द्यावे लागते. ते डॉक्टरांनीच ठरवावे. आजोबांच्या डबीतील गोळी नातवास कदापि देऊ नये.

दुसरी गोष्ट मीठ. प्रौढ मनुष्याने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांस त्याहूनही कमी पुरते. आपल्या इंदूरात पोह्यांवर शेव आणि जीरावन हवेच. डाळीवर शेव, भाजीवर शेव, आणि पाहुणे आले की बशीत शेव. पोह्यांत मीठ आहे, शेवेत आहे आणि जीरावनातही आहे. एका बशीत मीठ तीन ठिकाणांहून येते. शेव सोडा असे आम्ही म्हणत नाही. परंतु शेवेचा डबा जेवणाच्या मेजावर कायमचा असू नये. पापड, लोणचे, पाकिटातील वेफर्स आणि नूडल्स यांचेही तेच. उपवासाच्या सैंधवाविषयी पुष्कळांचा गोड समज आहे की ते बाधत नाही. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ होय. साबूदाण्याची खिचडी, वर फराळी मिक्चर आणि तळलेला बटाटा असा उपवास मुलाच्या पोटास विश्रांती देत नाही.

तिसरी गोष्ट साखर. रंगीत शीतपेयांत १०० मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ती सहासात चमचे होते. कोणतीही आई मुलाच्या पेल्यात सात चमचे साखर घालणार नाही. पण बाटली हाती देताना आपण चमचे मोजीत नाही. तहानेस पाणी, आणि हौसेस ताक किंवा घरचे लिंबाचे सरबत, हा क्रम बरा.

चौथी गोष्ट आग्रह. पंगतीत "अजून एक जिलबी, माझ्या गळ्याची शपथ" असे म्हणून वाढण्यात आपण प्रेम मानतो. प्रौढास तो आग्रह मोडता येतो. मुलास येत नाही. मंदिरात प्रसाद तळहातावर कणभर देतात, आणि तेवढ्याने कोणाचीही श्रद्धा उणी होत नाही. मुलाने "पुरे" म्हटले की पुरे, एवढा नियम पंगतीत आणि घरी पाळला तरी पुष्कळ साधेल. पान स्वच्छ करावयास लावावयाचे असेल, तर प्रथम पानावर थोडे वाढावे.

पाचवी गोष्ट हालचाल आणि झोप. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास दम लागेल असे खेळावे. लगोरी, खोखो, पोहणे, सूर्यनमस्कार, सायकल, काहीही चालेल. मूल आनंदाने करील ते उत्तम. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास आणि पुढील किशोरांस ८ ते १० तास झोप पाहिजे. मोबाइल घेऊन अंथरुणात जाणारे मूल झोप आणि खेळ दोन्ही गमावते. शिकवणीच्या वर्गासाठी खेळाचा तास काढून घेणारे आपणच असतो, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

सहावी गोष्ट शाळा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मेद, मीठ किंवा साखर अति असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि दरवाजापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये शाळांना साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितले. पालकसभेत या गोष्टींची विचारपूस करणे हा आपला हक्क आहे.

सातवी आणि सर्वांत नाजूक गोष्ट बोलणे. मुलास "जाड्या", "ढोल्या" अशी हाक थट्टेनेही मारू नये. लाजेने मूल बारीक होत नाही. ते लपून खाते, खेळावयास जात नाही आणि आरशास भिते. एका मुलास वेगळे पथ्याचे ताट आणि भावंडांस जिलबी, असेही करू नये. पथ्य सर्वांचे एकच असावे. वडिलांच्या पुढ्यातील शेवेचा डबा उचलला गेला की मुलास काही सांगावे लागत नाही.

बटूचे पुढे काय झाले

त्या कुटुंबाने तीन वेळा मोजून घेतले. तिन्ही वेळा आकडा अधिकच निघाला. डॉक्टरांनी औषध दिले नाही. उपासही सांगितला नाही. "वजन उतरविण्याची घाई नको. उंची वाढते आहे, वजन आहे तेथेच धरून ठेवू या," असे ते म्हणाले. घरातील शेव रविवारपुरती झाली. शीतपेये बंद झाली. संध्याकाळी आजोबा आणि नातू मिळून चालावयास जाऊ लागले, आणि आजोबांचा वेग कमी पडू लागला तेव्हा नातू पोहण्याच्या वर्गास गेला. आईने शाळेत जाऊन चिडविण्याविषयी शिक्षकांशी शांतपणे बोलणे केले.

एका वर्षाने उंची १४६ सेंटिमीटर झाली आणि वजन ४६ किलो. वजन एका किलोने वाढलेच होते. परंतु देहभारांक २३ वरून २१.६ वर आला. अकरा वर्षांच्या मुलास स्थौल्याची मर्यादा २२.५ आहे, म्हणजे तो तिच्या आत आला. रक्तदाब ११२ वर ७२ भरला. अजून तो अधिक वजनाच्याच कोष्टकात आहे, आणि मोजणी चालूच आहे. पण यंदा घरच्या एका मंगलकार्यात तो सोवळे नेसून उघड्या अंगाने पंगतीत वाढावयास उभा राहिला, तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुशीत होती.

हे एका घरचे उदाहरण. सर्व घरी असेच होईल असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. काही मुलांची प्रकृतीच अशी असते की फार प्रयत्नांनी थोडे साधते. परंतु आशेस मोठा आधार आहे. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया येथे बालपणापासून पाहणी केलेल्या ६,३२८ व्यक्तींचा सरासरी २३ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी जड असलेली पण प्रौढपणी स्थूल न राहिलेली माणसे रक्तदाब, मधुमेह आणि धमन्यांचा विकार यांच्या बाबतीत कधीच स्थूल नसलेल्या माणसांच्या जवळपास आली. म्हणजे बालपणीचे स्थौल्य हे कपाळी लिहिलेले अक्षर नव्हे. वेळ हाती असते तोवर हात घातला तर ते पुसता येते.

घरी बसून विचार करावयाचे प्रश्न

१. आपल्या घरातील प्रत्येक मुलाची उंची, वजन आणि रक्तदाब यांची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? नसेल, तर ती कधी करून घ्यावयाची?

२. सुतळीची परीक्षा प्रथम वडील मंडळींनी स्वतःवर केली, तर काय निघते?

३. गेल्या आठवड्यात पाकिटातील आणि बाटलीतील पदार्थ घरात किती वेळा आले, आणि ते कोणी आणले?

४. आपल्या मुलास शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात, हे आपणांस ठाऊक आहे काय?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि वर्षाने पुन्हा पाहावीत. चौथ्याचे उत्तर मुलाजवळ बसून, त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारावे.